दुसरा गिअर

मागच्या कार्तिकात आईला घेऊन रामटेकला गेले होते. दर्शन आटोपून गडावरून खाली येत होतो. दुसऱ्या वळणाच्या जरा आधी आईनं काहीही न बोलता, समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता, उजवा हात पुढे केला आणि गिअरच्या दांड्यावर ठेवला. नुसता ठेवला नाही, पुढे रेटून धरला. मी स्टिअरिंगशी झटत होते. तिनं काय केलं हे माझ्या लक्षात येईपर्यंत वळण संपलंसुद्धा. उतार जरा कमी झाला तसा तिनं हात काढून मांडीवर ठेवला आणि त्याच क्षणी दांडा खटकन मागे आला, इंजिनाचा आवाज पडला, जीप मोकळी सुटली. पाय ब्रेकवर होता म्हणून निभावलं. खाली अंबाळा तलावाजवळ गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "तुला कसं कळलं गं, गिअर सुटणार म्हणून?" आई झाडावरच्या माकडांकडे पाहत होती. म्हणाली, "उतारावर सुटतेच तो."

माझ्या आईला गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा ती कधी शिकली नाही. क्लच कुठला, ब्रेक कुठला हे तिला विचारलं तर सांगता येणार नाही. वय एक्क्याऐंशी. आणि तिच्या तळव्याला जे कळलं ते मला, पंचवीसेक वर्षं हीच जीप अधूनमधून चालवणाऱ्या मला, कळलं नव्हतं. नागपूरला परत येताना मनसर गेलं, कन्हानचा पूल गेला, कामठी गेली, आणि माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं.

जीप १९६७ची. महिंद्रची, सीजे-३बी. उंच बॉनेटवाली. या इंजिनाचे आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वरच्या अंगाला आहेत, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याच्यासाठी बॉनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ साली आलं आणि १९६८ साली बंद झालं, आपल्याकडे मात्र त्याच्या पुढच्या पिढ्या कितीतरी वर्षं खेड्यापाड्यांतून धावत राहिल्या. आमची आधी सरकारी होती. बाबांनी १९७९ साली ती लिलावात घेतली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. काटोलकडे आमची सहा एकर संत्र्याची बाग होती आणि बागेकडे जाणारा रस्ता म्हणजे रस्ता नव्हताच. दोन चाकोऱ्या, मध्ये गवत आणि बागेच्या अलीकडे एक खोल नाला. पावसाळ्यात नाल्याला गुडघाभर पाणी असायचं, एरवी वाळू आणि गोटे. उतार असा की मागच्या बाकावर बसलेली आम्ही भावंडं घसरत पुढच्या सीटला जाऊन टेकायचो. बाबा नाल्याच्या तोंडाशी जीप जवळजवळ थांबवायचे, दुसरा टाकायचे आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायचे. चाक गोट्यावर चढलं की स्टिअरिंग हातात फिरतं, अंगठा मोडायची वेळ येते, तिथे एक हात मोकळा ठेवण्याची सोय नसते. मग डावीकडून आईचा हात यायचा.

मला ते आठवत होतं. पण हात ठेवण्याची तिची ती रीत आहे, धरायला दुसरं काही नाही म्हणून धरते, असं मी समजत होते. लहानपणी पाहिलेल्या गोष्टींचं असंच होतं. त्या दिसतात इतक्या वेळा की त्यांचा अर्थ विचारायचं राहून जातं. आणि हेही आठवत होतं की नाला चढून वर आलो, रस्ता सपाट झाला की बाबा तिच्या हातावरच हात ठेवून दांडा मागे घ्यायचे, तिसऱ्यात. तिच्या हिरव्या बांगड्या दांड्याच्या गोळ्यावर किणकिणायच्या. मग ती हात काढून घ्यायची आणि पदर सारखा करायची. आमच्या घरात आईबाबांनी एकमेकांना नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. चारचौघांत शेजारी बसलेलेही फारसे पाहिले नाहीत. त्यांचा हात एकमेकांच्या हातावर मी पाहिला तो एवढाच, काटोलच्या रस्त्यावर, दुसऱ्याचा तिसरा होताना.

बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. बाग त्याच्याही आधी विकली. जीप मी ठेवली.

कामठी रोडवर एक उस्ताद आहेत. जुन्या जीप आणि ट्रॅक्टरशिवाय दुसऱ्या कामाला हात लावत नाहीत. सत्तरीच्या घरातले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांना मी रामटेकचं सगळं सांगितलं, आईच्या हाताचंही. त्यांनी जीप रोडला नेली, दुसऱ्यात पळवली, एकदम पाय उचलला. दांडा आधी बारीक थरथरला आणि मग खट. पुन्हा केलं, पुन्हा खट. परत येऊन उतरले आणि म्हणाले, "उतरवा लागते जी ताई. वरून पाहून काही होत नाही. कोणीतरी वरची स्प्रिंग कडक टाकून ठेवली आहे, दुखणं तसंच आहे." कुणी टाकली होती कोण जाणे, बाबांच्या काळातलं काम असणार. गिअर जागेवर थांबावा म्हणून वरच्या झाकणात एक लोखंडी गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते, ती रॉडच्या खाचेत बसते. स्प्रिंग कडक केली की चार महिने बरं वाटतं. आतली झीज मात्र थांबत नाही.

गिअर बॉक्स आणि त्याच्या मागे जोडलेला फोर-व्हीलचा बॉक्स असं सगळं बिडाचं धूड खाली घ्यायला उस्ताद, त्यांची दोन पोरं आणि एक जॅक लागला. तेल सोडलं. परातीत काळं तेल आलं आणि उन्हात ती परात हलवली तेव्हा त्यात सोनेरी चमक दिसली, जशी दिवाळीत रांगोळीत मिसळलेली चमकी दिसते तशी. उस्तादांनी दोन बोटं बुडवून एकमेकांवर घासली. "पितळ आहे जी. रिंगा खलास." त्या तेलाचा वास अजून माझ्या नाकात आहे, जळकट आणि गंधकासारखा, जुन्या देवघरातल्या समईच्या तळाशी साचतो तसला थोडा. नंतर त्यांनीच सांगितलं की आधी कुणीतरी चुकीचं तेल भरलं असणार. नव्वद नंबरच्या तेलातही जात असते. जीएल-५ हे मागच्या अ‍ॅक्सलच्या गिअरसाठी चांगलं, पण त्यातली जास्तीची गंधकयुक्त द्रव्यं पितळेला खातात. या बॉक्सला जीएल-४ पाहिजे. दुकानदार विचारत नाही आणि घेणाराही सांगत नाही.

तीन गिअरचा बॉक्स हा. टी-९० म्हणतात त्याला. पहिल्याचे दात सरळ कापलेले, त्याला सिंक्रो, म्हणजे वेग जुळवणारी रिंग, नाही, म्हणून चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागतो. तो मी काटोलच्या रस्त्यावर शिकले, बाबा शेजारी बसून हातानं ताल द्यायचे. क्लच, न्यूट्रल, सोड, रेस, क्लच, पहिला. एका हिवाळ्यात किती वेळा कर्र आवाज काढला असेल त्याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी बाबा एवढंच म्हणायचे, "तिला वेळ दे." दुसऱ्या-तिसऱ्याला मात्र पितळेच्या रिंगा आहेत. दोन वेगवेगळ्या वेगानं फिरणाऱ्या गोष्टी एकमेकींत अडकण्याआधी ही रिंग त्यांचा वेग सारखा करून देते. कॅडिलॅकनं हे पहिल्यांदा १९२८ साली आपल्या गाड्यांत बसवलं, त्याच्या आधी सगळं जग आमच्या पहिल्या गिअरसारखंच कर्र करत होतं. रिंगेच्या आत स्क्रूच्या आट्यांसारख्या बारीक रेघा असतात, त्या तेलाचा थर कापतात आणि गिअरच्या कोनाला पकडतात. आमच्या रिंगेतून मी बोट फिरवलं. गुळगुळीत. बांगडीसारखी.

पण गिअर सुटतो तो रिंगेमुळे नाही. हे मला उस्तादांनी एका स्टुलावर बसवून, वर्तमानपत्रावर सगळे सुटे भाग मांडून समजावलं आणि ते मी तीनदा विचारलं. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाची ताकद आल्या वाटेनं सरळ मागे जाते, एकास एक. दुसऱ्यात तिला खालच्या मजल्यावर, काउंटर शाफ्टवर, उतरावं लागतं आणि तिथून परत वर यावं लागतं. इंजिनाचे दीडाहून थोडे जास्त फेरे, मागच्या शाफ्टचा एक. हे दात तिरपे असतात म्हणून आवाज कमी करतात, पण तिरपे असल्यामुळेच ते फिरताना गिअरला बाजूला रेटतात. चढावर एका दिशेला, आणि उतारावर, जिथे चाकंच इंजिनाला ढकलत असतात, तिथे उलट दिशेला. बेअरिंग घट्ट असेल, वॉशर जागेवर असतील तर हा रेटा सोसला जातो. आमच्या बॉक्सचा पुढचा बेअरिंग हातात धरून हलवला तर खुळखुळत होता. काउंटर शाफ्टवर सुयांसारखे बारीक रोलर फिरतात, त्यांनी शाफ्टवर नखाला लागतील अशा चऱ्या पाडल्या होत्या. दुसऱ्या गिअरच्या कडेचे लहान दात, ज्यांच्यावर स्लीव्ह, म्हणजे सरकणारी कडी, चढून गिअर पकडते, ते जुन्या खवणीच्या दात्यांसारखे एका अंगानं उतरते झाले होते. उतरत्या दातावर ताण आला की स्लीव्ह घसरणारच. "गिअर सुटायचं कारण एक नसते जी," उस्ताद म्हणाले, "सगळे मिळून सोडतात."

मग त्यांनी फोर्क उचलला.

फोर्क म्हणजे दोन बोटांचा लोखंडी चिमटा. दांडा हलवला की तो स्लीव्हच्या खाचेत बसून तिला पुढेमागे सरकवतो. गिअर पडला की त्याचं काम संपलं, मग त्यानं खाचेत नुसतं मोकळं राहायचं, कुठेही घासायचं नाही. उस्तादांनी तो चिंधीनं पुसला, दिव्याखाली धरला आणि उलटसुलट केला. एक अंग जवळजवळ नव्यासारखं, कारखान्यातल्या पॉलिशच्या खुणा दिसत होत्या. दुसरं अंग दोन्ही बोटांवर खोल झिजलेलं, चांदीसारखं चकचकीत, कडेला पाण्याच्या धारेनं दगड कापावा तशी धार. "ही बाजू दुसऱ्या गिअरची," ते म्हणाले. "हे पाहा. कोणीतरी दांड्यावर हात ठेवून राहत होतं. लय वर्षं. हात वर ठेवला की खाली फोर्क स्लीव्हला घासत राहते. तुम्ही म्हणालात ना, आई धरत होत्या?" आणि मग, माझा चेहरा पाहून असेल, जरा थांबून, "पण त्यांनी धरला नसता तर नाल्यात गेली असती गाडी. बेअरिंग तर आधीच गेलं होतं."

मी तो फोर्क मागून घेतला. उस्तादांनी कागदात गुंडाळून दिला, जसा किराणा दुकानदार तिखट बांधून देतो तसा. घरी आणून टेबलाच्या खणात ठेवला. आईनं विचारलं, "निघालं का काय बिघडलं होतं ते?" मी म्हटलं, "बेअरिंग." ते खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं, आणि त्या रात्री मला झोप लागेना. चाळीस वर्षं जी बाई समजत होती की आपण नवऱ्याला हात देतो आहोत, तिला जाऊन मी सांगू की त्या हातानंच आत झीज होत होती? आणि न सांगू, तर मग इतकं उघडून पाहिलं ते कशासाठी? तिला लागलं असतं का, हेही मला ठरवता येईना. कदाचित ती म्हणाली असती, असंच असते. कदाचित काहीच बोलली नसती आणि पुढच्या उताराला हात मांडीवर घट्ट धरून बसली असती. त्या दुसऱ्या शक्यतेची मला जास्त भीती वाटली.

बाबांना माहीत होतं का, हे शोधायला मी त्यांच्या हिशोबाच्या वह्या काढल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, प्रत्येक सालाची एक. मजुरी, फवारणी, खत, पेट्या, बाजारातला भाव. १९८४च्या वहीत, मृग बहाराच्या हिशोबाखाली, त्यांच्या बारीक अक्षरात: 'जीप गिअर बॉक्स – पुढील बहार'. १९८७मध्ये पुन्हा तेच. एका वहीत झाडांवर कोळशी रोग आला त्या सालाचा हिशोब आहे, पान अर्ध्याहून जास्त कोरं, उत्पन्नाच्या रकान्यात जवळजवळ काही नाही, आणि तळाशी तरीही तीच ओळ. १९९१मध्येही आहे. त्यानंतर मात्र ती ओळ येत नाही. पैसे आले तेव्हा माझं शिक्षण आलं, मग धाकट्याचं, मग बोअर आटली. की त्यांनी मनातून तो विषयच काढून टाकला, ते कळायला मार्ग नाही. मला एक गोष्ट मात्र राहून राहून वाटते, आणि ती मी इथे लिहूनच टाकते. मला वाटतं, ती ओळ लिहायचं त्यांनी पैशांसाठी थांबवलं नसावं. दांड्यावरचा तो हात जावा असं त्यांना वाटत नसावं.

सामान यायला दीड महिना लागला. बेअरिंग नागपुरातच नंबरावरून मिळाले. रिंगा, काउंटर शाफ्ट, फोर्क आणि दुसरा गिअर दिल्लीच्या काश्मिरी गेटहून आले. उस्ताद रिंगा घेताना प्रत्येक रिंग कोरड्या कोनावर दाबून फिरवून पाहायचे, पकडली तर ठेवायची, फिरली तर परत. तीनांतली एक परत गेली. जोडणीच्या दिवशी मी कॉलेजातून रजा घेतली. एक काम उस्तादांनी मला दिलं: काउंटर शाफ्टचे रोलर बसवणं. गिअरच्या पोकळीत आधी ग्रीस भरायचं आणि मग शिवणाच्या सुईहून जरा जाड असे ते रोलर एकेक करून आतल्या भिंतीला चिकटवायचे, शेजारी शेजारी, गोलाकार. शेवटचा बसतो तेव्हा बाकीचे सगळे एकमेकांना आवळतात आणि त्यानंतर कुणीही पडत नाही. मात्र त्याच्या आधी एक हलला की चार खाली येतात. माझी दोनदा मांडणी कोसळली. नखांत ग्रीस, डोळ्यांत घाम, आणि फेब्रुवारीतच नागपूरचं ऊन शेडच्या पत्र्यावर उतरलेलं. तिसऱ्या खेपेला बसले. मग उस्तादांनी खऱ्या शाफ्टच्या जागी लेथवर करून घेतलेला एक आखूड शाफ्ट आत सरकवला, रोलर पडू नयेत म्हणून. सगळा गठ्ठा बॉक्सच्या तळाशी निजवला, त्याच्यावरून मुख्य शाफ्ट, रिंगा, स्लीव्ह, नवा फोर्क असं बसवलं आणि शेवटी खालचा गठ्ठा वर उचलून मागून खरा शाफ्ट ठोकत ठोकत आणला. तो आत येत गेला तसा आखूड शाफ्ट पुढून बाहेर ढकलला गेला आणि पोराच्या हातात पडला. उस्ताद पितळी पंचावर हातोडी इतकी हळू मारत होते की शेजारच्या चहाच्या टपरीवरचा रेडिओ स्पष्ट ऐकू येत होता.

गाडी घेऊन निघताना ते एकच बोलले. "दांड्यावर हात ठेवू देऊ नका जी. आता गरज नाही."

आठवड्यानं आईच म्हणाली, गडावर जाऊन येऊ. सकाळी लवकर निघालो. वर दर्शन घेतलं, खाली खिंडसी तलावाचं पाणी धुक्यात होतं, आई कट्ट्यावर बसून बराच वेळ तिकडे पाहत राहिली. परतीला मी पहिल्या वळणाआधीच दुसरा टाकला. आवाज न करता गेला. पाय उचलला, इंजिनानं गाडी धरली. दांडा स्थिर, जमिनीत रोवल्यासारखा. दुसऱ्या वळणाआधी आईचा उजवा हात मांडीवरून उठला आणि मधेच थांबला.

"आता धरायला नको ना?" तिनं विचारलं.

उस्तादांचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. खणातल्या कागदातला फोर्कही डोळ्यांसमोर आला. "धर," मी म्हटलं.

तिनं धरला. पुढे रेटला नाही, नुसता तळवा गोळ्यावर ठेवला. एक वळण गेलं, दुसरं गेलं. थोड्या वेळानं म्हणाली, "थरथरत नाही आता. पहिले आधी थरथरायचा, मंग सुटायचा." इतक्या वर्षांनी तिनं मला सांगितलं की तिला कसं कळत होतं. मी मान हलवली. माकडं कठड्यावर ओळीनं बसली होती, एक पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून. उतार संपला, अंबाळ्याकडचा सपाट रस्ता लागला, तिसरा टाकायला हवा होता. आईनं हात काढला नव्हता. मी स्टिअरिंगवरचा डावा हात काढला आणि तिच्या हातावर ठेवला. हात हलका होता, कोरडा, हाडं लागत होती. क्लच दाबला आणि दोघींनी मिळून दांडा मागे घेतला. तिच्या हातात आता बांगड्या नसतात, त्यामुळे तेवढा आवाज आला नाही.